पाव बीएसपीला ड्रिल कोणतं: ११ की ११.८?

"पाव बीएसपी मारायचाय, ड्रिल कितीचं लावू?" शॉपमध्ये आलेला प्रत्येक नवा पोरगा हे विचारतो आणि मला उलट विचारावं लागतं, "सरळ की टेपर?" बीएसपी म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड पाइप, पाइप-फिटिंगचे आटे; टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. पाव बीएसपी या एकाच नावाचे टॅप दोन आहेत, आणि त्यांची भोकं वेगळी.

आधी 'पाव इंच' डोक्यातून काढा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, पण या आट्याचा बाहेरचा व्यास १३.१५७ मिमी भरतो. हे नाव पूर्वीच्या पाइपच्या आतल्या भोकावरून पडलं. टॅपला व्हर्नियर लावून पाव इंच शोधत बसलात तर सापडणार नाही.

दोन्ही टॅपना इंचाला १९ आटे, दोन्हींचा कोन ५५ अंश, त्यामुळे पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) काहीच सांगत नाही. फरक अंगात आहे. सरळ टॅप वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा. टेपर टॅप दर १६ मिमीला १ मिमी निमुळता होत जातो. सरळ टॅपलाही टोकाला चॅम्फर, म्हणजे थोडा उतार, असतो, म्हणून घाईत गल्लत होते. शँकवरचं, म्हणजे टॅपच्या दांड्यावरचं, अक्षर वाचा: 'जी' असेल तर सरळ, 'आरसी' असेल तर टेपर. (हँड टॅपच्या सेटमधल्या पहिल्या टॅपलाही टेपरच म्हणतात. तो हा नव्हे.)

ड्रिल ठरतं ते गळती कुठे अडवायची यावर. 'जी' आटा फक्त पकडून ठेवतो. तेल अडवतो तो खालचा कॉपर वॉशर, डाऊटी वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) नाहीतर ओ-रिंग. आतला व्यास ११.४४५ पासून ११.८९० पर्यंत चालतो, म्हणून ११.८ मिमीचं ड्रिल. टॅप हलका फिरतो, हवा तितका खोल जातो. मात्र भोकाचं तोंड सपाट आणि काटकोनात हवं, नाहीतर वॉशर एका बाजूने बसतो.

'आरसी'मध्ये आटाच पाचरीसारखा घट्ट बसून सील करतो. टेफ्लॉन टेप किंवा ताग-सफेदा फक्त उरलेल्या फटी भरायला. इथे तोंडाशी आतला व्यास तोच ११.४४५, पण जसजसं आत जावं तसा कमी होतो, साधारण पावणेदहा मिमी खोलीवर १०.८४. म्हणून ड्रिल ११ ते ११.२ चं. टॅप जड जातो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, कटिंग ऑइल सढळ.

मी एकदा अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये चकात आधीच असलेलं ११.८ तसंच ठेवून चार टेपर भोकं पाडली. टॅप लोण्यासारखा गेला, तेव्हाच शंका यायला हवी होती. हवा सोडून साबणाचं पाणी लावलं तर चारही जागी फेस. फिटिंग काढून टॉर्च मारला: वरचे आटे बरे दिसत होते, तळाकडचे जेमतेम अर्ध्या उंचीचे. टेप कितीही गुंडाळला तरी नसलेला आटा तो भरत नाही. उलटी चूक, म्हणजे सरळ टॅपला ११ चं भोक, निदान लगेच कळते. टॅप अडकतो, जोर केला की मोडतो.

टेपरमध्ये आणखी एक खोड: खोली चुकली की मापच चुकतं. एक फेरा जास्त मारला की टॅप १.३३७ मिमी पुढे जातो आणि भोक सुमारे ०.०८ मिमीने मोठं होतं. म्हणून प्लग गेज (भोकात फिरवून माप तपासायचं साधन) जवळ ठेवा. गेज नसेल तर ज्याला बसवायचंय ते फिटिंगच हाताने फिरवून बघा. हाताने तळापर्यंत गेलं तर काम गेलं. ड्रॉइंगवर मानक म्हणून आयएस २६४३ किंवा आयएसओ २२८ असेल तर सरळ, आयएस ५५४ किंवा आयएसओ ७ असेल तर सील आट्यावर.

अर्धा इंचीलाही हाच हिशेब: सरळला १९, टेपरला १८ ते १८.५. तिथे तिसरा भिडू घुसतो, एनपीटी, म्हणजे अमेरिकन टेपर पाइप आटा. त्यालाही इंचाला १४ आटे आणि बीएसपीलाही १४, पण त्याचा कोन ६० अंश. ड्रिलही जवळपास तेच, २३/३२ इंच म्हणजे १८.२६ मिमी. फिटिंग दोन-तीन फेरे गुमान आत जातं, आवळल्यावर घट्टही लागतं, आणि प्रेशर दिलं की पाझरायला लागतं. पाव इंचीत एनपीटीचे आटे १८, बीएसपीचे १९, तिथे निदान पिच गेज लावला की चोर सापडतो.