निक्षेप : मृताकडे राहिलेल्या दुसऱ्याच्या वस्तू

माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या घरात, दुकानात वा कपाटात सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच्या मालकीची असतेच असे नाही. सांभाळायला ठेवलेले दागिने, मागून आणलेली पुस्तके, दुरुस्तीला आलेली यंत्रे, गहाण पडलेला ऐवज, तिसऱ्याला पोचवायचे पाकीट या साऱ्या वस्तू त्याच्या ताब्यात असतात. त्याच्या रिक्थात, म्हणजे वारसांत वाटल्या जाणाऱ्या संपत्तीत, त्यांचा समावेश होत नाही. त्या वेगळ्या काढणे, जपणे आणि मालकाला परत करणे ही वारसांची वा मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाची जबाबदारी होय. धर्मशास्त्रात या विषयाचा विचार ‘निक्षेप’ (विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव) या व्यवहारपदात, म्हणजे न्यायदानातील वादविषयात, येतो. आजच्या भारतीय कायद्यात तो मुख्यतः भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ यांत विभागलेला आहे.

स्मृतिग्रंथांतील निक्षेप : मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अठरा व्यवहारपदे सांगितली असून त्यांत ऋणादानानंतर, म्हणजे कर्जाच्या व्यवहारानंतर, लगेच निक्षेप येतो (८.४). त्याचे सविस्तर विवेचन ८.१७९ ते १९६ या श्लोकांत आहे. मनुस्मृतीच्या काळाबद्दल एकमत नाही. पां. वा. काणे यांनी ती इ. स. पू. २०० ते इ. स. १०० या दरम्यानची मानली. अलीकडच्या अभ्यासकांपैकी पॅट्रिक ऑलिव्हेल यांचा कल इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाकडे आहे. याज्ञवल्क्यस्मृती तिच्यानंतरची हे बहुतेकांना मान्य आहे. नारदस्मृतीत ‘दीनार’ हे रोमन नाण्यावरून आलेले नाव येत असल्याने ती इसवी सनाच्या आरंभापूर्वीची धरता येत नाही. या तीन ग्रंथांचा क्रम प्रस्तुत विषयात महत्त्वाचा ठरतो, कारण निक्षेपाचे पोटभेद याच क्रमाने वाढत गेलेले दिसतात.

मनूचा मूळ नियम थोडक्यात आहे : ‘यथा दायस्तथा ग्रहः’ (८.१८०). जशी दिली तशीच वस्तू परत घ्यावी. मृत्यूचा उल्लेख ८.१८५ व ८.१८६ मध्ये येतो. ठेवणारा जिवंत असताना त्याची ठेव त्याच्या पुत्रादी निकटच्या अधिकाऱ्याकडेही देऊ नये, असे पहिला श्लोक सांगतो. दुसरा श्लोक सांगतो की, ठेवणारा मरण पावल्यावर ज्याने कोणी मागितले नसताना आपणहून ती त्याच्या निकटच्या अधिकाऱ्याला दिली, त्याच्यावर राजाने वा मृताच्या बांधवांनी अभियोग करू नये. स्वतःहून परत करणाऱ्याला दिलेले हे संरक्षण फार मोलाचे आहे. परत केलेल्या वस्तूबरोबर आणखीही काही असले पाहिजे, असा संशय घेऊन नातेवाइकांनी त्याच्या मागे लागणे या श्लोकाने थांबवले.

मात्र येथे मृत्यू ठेवणाऱ्याचा आहे. ठेव सांभाळणाराच मरण पावला आणि वस्तू त्याच्या मुलांच्या हाती आली तर काय, यासाठी मनूच्या निक्षेपप्रकरणात स्वतंत्र श्लोक नाही. त्याचे उत्तर दोन ठिकाणांहून जुळवता येते. एक म्हणजे ८.१४९ : गहाण, सीमा, बालधन, निक्षेप, उपनिधी (मोहोरबंद ठेव) इत्यादींवरील मालकाचा हक्क दुसऱ्याच्या भोगामुळे नष्ट होत नाही. म्हणजे परक्याची ठेव दुसऱ्या पिढीने कितीही काळ वापरली तरी ती त्या कुटुंबाची होत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे ‘याचित-अन्वाहित-न्यास-निक्षेप’ यांना (अर्थ पुढे दिले आहेत) एकच विधी लावणारे याज्ञवल्क्याचे वचन (२.६७).

पोटभेद : अमरकोशात ‘पुमानुपनिधिर्न्यासः’ असे म्हणून उपनिधी व न्यास यांना समानार्थी केले आहे. व्यवहारग्रंथांत मात्र ते वेगळे राहतात. या नोंदीत व्यवहारग्रंथांचा भेद स्वीकारला आहे, कारण परत करण्याची रीत त्यावर अवलंबून असते. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याच्या काळातील विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपल्या टीकेत, नारदाचे एक वचन दिले आहे. त्यानुसार न मोजलेली, न दाखवलेली, मोहोर लावून ठेवलेली वस्तू उपनिधी आणि मोजून दिलेली ती निक्षेप. याज्ञवल्क्यही (२.६५) आत काय आहे ते न सांगता पेटीत घालून दिलेल्या द्रव्याला औपनिधिक म्हणतो. मृताच्या घरात मोहोरबंद पेटी सापडली तर वारसाने ती आहे तशी द्यायची असते. आतल्या मालाचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही. मोहोर तुटलेली असेल तर मात्र परिस्थिती बदलते, कारण मनूने (८.१८८) मुद्रित ठेवीच्या बाबतीत सांभाळणाऱ्याला निर्दोष ठरवताना त्याने आतून काही काढले नसल्याची अट घातली आहे.

उरलेले तीन भेद मृत्यूनंतरच्या प्रश्नांना अधिक जवळचे आहेत. ‘याचित’ म्हणजे विवाहादी उत्सवासाठी मागून आणलेली वस्त्रे, अलंकार. ‘अन्वाहित’ म्हणजे एकाकडे ठेवलेली वस्तू त्याने मालकाला देण्यास सांगून पुढे दुसऱ्याकडे दिलेली. ‘न्यास’ म्हणजे घरधनी समोर नसताना, त्याला देण्यासाठी घरातल्या माणसाच्या हाती सोपवलेली वस्तू. या न्यासाचे लक्षण कौटुंबिक वास्तवाला धरून आहे : घरात वस्तू आली हे घरधन्याला ठाऊक नसेल, आणि घेणारे माणूस मरण पावले तर कोणालाच ठाऊक नसेल. नारद हाच विधी कारागिराकडे घडणीसाठी दिलेल्या मालालाही लावतो. सोनाराच्या वा शिंप्याच्या मृत्यूनंतर त्याच्या दुकानातील गिऱ्हाइकांच्या मालाला हाच नियम लागतो.

खोटा दावा हा या प्रकरणातील दुसरा धोका. ठेव परत न करणारा आणि ठेवलेले नसताना मागणारा या दोघांनाही चोरासारखी शिक्षा करावी, असे मनू म्हणतो (८.१९१). मृत माणूस उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा या समतोलाची गरज अधिकच भासते.

रोमन विधीशी तुलना : सांभाळणाऱ्याच्या वारसाचा प्रश्न रोमन विधिज्ञांनी थेट हाताळला. मृताकडे ठेवलेली वा उसनी आणलेली वस्तू वारसाने अजाणता विकली तर, कपट नसल्यामुळे, तो त्या वस्तूसाठी जबाबदार नाही, पण हाती आलेल्या किमतीसाठी जबाबदार आहे, असे रोमन विधिज्ञ उल्पियनचे मत डायजेस्ट या रोमन विधिज्ञांच्या मतांच्या संग्रहात (१६.३.१.४७) नोंदले आहे. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने हाच नियम घेतला. किंमत अद्याप मिळाली नसेल तर वारसाने खरेदीदाराविरुद्धचा आपला हक्क मालकाला द्यावा, अशी पुस्तीही जोडली. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात असे कलम नाही. तेथे १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाचे कलम २७ आड येते : विकणाऱ्यापेक्षा चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे सद्हेतूने विकलेली वस्तूही सामान्यतः मालक परत मागू शकतो.

आधुनिक कायदा : करार अधिनियमाच्या कलम १६२ नुसार विनामोबदला निक्षेप देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मृत्यूने संपतो. कलम १६० मध्ये मुदत वा प्रयोजन संपताच मागणीची वाट न पाहता वस्तू परत करण्याचे कर्तव्य आहे. ही दोन कलमे एकत्र वाचली तर परत करण्यात पुढाकार वारसांनीच घ्यायचा, असे मानणे सयुक्तिक ठरते. मनूच्या ८.१८६ मधील ‘स्वयमेव’शीही (आपणहून) ते जुळते. मोबदल्याच्या निक्षेपाला कलम १६२ लागू नाही. दुरुस्तीचे काम पुरे झाले असेल तर त्याच्या मजुरीपुरता वस्तूवर धारणाधिकार, म्हणजे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क, राहतो (कलम १७०). काम मृताच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असेल तर करार तेथेच संपतो. कलम ३७ च्या उदाहरणात चित्रकार घेतला आहे.

दोन माणसे एकाच वस्तूवर हक्क सांगत असतील तर घाईने एकाला देऊ नये. तिऱ्हाईत व्यक्ती हक्क सांगत असल्यास तिला न्यायालयाकडून वस्तू देण्यास स्थगिती व हक्काचा निर्णय मागता येतो (करार अधिनियम, कलम १६७). परत मागण्याच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ७० नुसार तीन वर्षे असून ती मागणीनंतरच्या नकारापासून मोजली जाते. नुसता काळ लोटल्याने ती सुरू होत नाही.

उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २११ प्रमाणे ‘मृताची’ मालमत्ता व्यवस्थापकाकडे निहित होते. परक्याची वस्तू त्यात येत नाही. प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाने दिलेली प्रमाणित मान्यता) मिळाल्यापासून सहा महिन्यांत न्यायालयाला द्यायच्या यादीत (कलम ३१७) अशा वस्तू मृताच्या म्हणून दाखवणे चूक ठरेल. अधिकार नसताना मालमत्तेत हात घालणारा स्वतःवर व्यवस्थापकाचे दायित्व ओढवून घेतो. केवळ जतनासाठी केलेली हाताळणी याला अपवाद आहे (कलम ३०३). भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ मध्ये (पूर्वीचे भारतीय दंड संहिता कलम ४०४) मृत्युसमयी मृताच्या ‘ताब्यात’ असलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार दंडनीय आहे. कसोटी ताब्याची असल्याने परक्याची ठेवही तिच्यात येते.

स्त्रीधन हा सर्वांत वारंवार येणारा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे. सासरच्या तिजोरीत ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. सासऱ्याच्या वा पतीच्या मृत्यूनंतर वाटणीची यादी करताना सुनेचे दागिने प्रथम बाजूला काढणे आवश्यक आहे.

मालक न सापडल्यास : स्वामी न कळणारे धन राजाने तीन वर्षे राखावे, त्या आत मालक आल्यास त्याला द्यावे, नंतर राजाने घ्यावे, असे मनूचे वचन आहे (८.३०). बँकेतील सुरक्षित अभिरक्षेतील वस्तू व लॉकर यांसाठी बँकिंग विनियमन अधिनियमात नामनिर्देशनाची तरतूद आहे (कलमे ४५झेडसी व ४५झेडई). नामनिर्देशित व्यक्तीला त्यातील वस्तू मिळतात. त्यांची मालकी मिळत नाही.