ड्रायव्हरची साफसफाई आणि ‘डेव्हएम’चा क्रम

लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) प्रोब, म्हणजे डिव्हाइस जोडलं जाताना चालणाऱ्या, फंक्शनच्या शेवटी ‘गोटू’ (थेट उडी मारण्याच्या) लेबलांची उतरंड हमखास असायची. मेमरी घेतली, रजिस्टर मॅप केले, इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारा इशारा) नोंदवला. मध्येच काही फसलं की एकेक गोष्ट उलट्या क्रमाने सोडत बाहेर पडायचं. डिव्हाइस सुटताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये तेच पुन्हा. एखादी पायरी राहून गेली तरी सहसा पत्ता लागायचा नाही, कारण प्रोब फसण्याची वेळच क्वचित यायची.

लिबएटीएवर (लिनक्सच्या डिस्क ड्रायव्हरांची सामायिक लायब्ररी) काम करताना तेजुन हिओ यांनी यावर तोडगा काढला: डेव्हरेस. २००७ मध्ये २.६.२१ कर्नलसोबत (लिनक्सचा गाभा) तो आला. ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शनं वापरली की घेतलेलं सगळं त्या डिव्हाइसच्या नावावर चढतं आणि ड्रायव्हर सुटला की उलट्या क्रमाने आपोआप परत जातं. मग जुने ड्रायव्हर ‘डेव्हएम’वर आणण्याच्या पॅचना (कोडमधल्या बदलांना) ऊत आला. कोडमधला नमुना शोधून बदलणाऱ्या कॉक्सिनेलसारख्या हत्याराने तर एकच बदल ढीगभर फायलींत एका दमात करता येऊ लागला, तेही हार्डवेअर समोर नसताना. ओळी कमी, वर्तन तेच, अशी समजूत.

घोळ होतो तो अर्धवट बदलात. समजा, रिमूव्हमध्ये आधी इंटरप्ट सोडला जायचा, मग क्लॉक (हार्डवेअरच्या ब्लॉकला चालता ठेवणारा ठोका) बंद व्हायचं. पॅचने इंटरप्ट ‘डेव्हएम’कडे दिला, त्याची सोडण्याची ओळ उडवली आणि क्लॉकची ओळ तशीच ठेवली. पण ‘डेव्हएम’ची आवराआवर रिमूव्ह परतल्यानंतर सुरू होते. म्हणजे आता क्लॉक आधी बंद, इंटरप्ट नंतर मोकळा! त्या फटीत इंटरप्ट आला, तर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला जातो, आणि काही चिपवर अख्खी बस (चिपमधला डेटाचा मार्ग) तिथेच लटकते. बदल दाखवणाऱ्या डिफमध्ये मात्र फक्त एक ओळ कमी झालेली दिसते, रिव्ह्यू करणारा मान डोलावतो.

इंटरप्टची लाइन इतर डिव्हाइसशी वाटून घेतलेली असेल, तर धोका जास्तच. अशी लाइन सोडताना हँडलर मुद्दाम एकदा जादा चालवणारा डीबग पर्याय कर्नलमध्ये आहे. माझ्या मते असा पॅच तो चालू करून तपासल्याशिवाय पाठवूच नये.

२०२२ मध्ये क्लॉक मिळवून चालू करणारं आणि शेवटी आपोआप बंद करणारं ‘डेव्हएम’ फंक्शनही आलं. मात्र प्रोबमध्ये इंटरप्ट आधी आणि क्लॉक नंतर घेतलं असेल, तर सुटताना क्लॉकच पहिलं जातं. तिथे आधी प्रोबमधला क्रम बदलावा लागतो, तोही वेगळ्या पॅचमध्ये.