आधी ओळंबा, मग ड्रिल

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं आरव्ही-7 सारखं, स्वतः जोडायच्या छोट्या विमानाचं किट घरी येतं, तेव्हा पत्र्यांत हजारो भोकं आधीच पाडलेली असतात. मात्र त्यातली बहुतेक अंतिम मापाहून किंचित लहान असतात. भाग एकत्र बांधल्यावर तीच भोकं दोन्ही थरांतून एकदम पूर्ण मापाची करायची. 3/32 इंची रिव्हेटला (पत्रे कायमचे जोडणाऱ्या धातूच्या खिळीला) ड्रिलचं 40 नंबरचं बिट, म्हणजे 2.49 मिमी; 1/8 इंचीला 30 नंबरचं, 3.26 मिमी.

थर घट्ट धरायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना असतात, 3/32 ला चंदेरी आणि 1/8 ला तांबूस. दर दुसऱ्या-तिसऱ्या भोकात एक लावा आणि मधून सुरुवात करून टोकांकडे सरका. दोन्ही टोकं आधी पक्की केली, तर पत्र्याचं जास्तीचं माप मधे फुगवटा होऊन उभं राहतं. उन्हाकडेही लक्ष असू द्या. 3 मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आतल्या सांगाड्यापेक्षा 10 अंश सेल्सियसने तापला, तर सुमारे 0.7 मिमी लांब होतो. अडीच मिमीच्या भोकासाठी ही चूक फार मोठी आहे. दोन्ही भाग सावलीत, एकाच तापमानाला येऊ द्या.

आतल्या रिबच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या फासळीच्या, पट्टीला भोकं नसतील, तर तिच्या मधोमध बारीक मार्करने रेघ मारा. पेन्सिल नको, तिच्यातल्या ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. वरच्या पत्र्याच्या प्रत्येक भोकातून ती रेघ बरोबर मधोमध दिसली, तरच ड्रिल चालवा. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर हवं, नाहीतर कड फाटू शकते.

बिट काटकोनात आहे का, हे चकचकीत पत्राच सांगतो: बिट आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एक सरळ रेघ दिसली पाहिजे, आणि तीही दोन बाजूंनी पाहिल्यावर. तिरकं बिट लांबट भोक पाडतं. थर सैल असले तर बिट घसरतं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं भोक होतं. मग मोठा रिव्हेट घालावा लागतो, तोही कडेचं अंतर पुरत असेल तरच. भोकं पूर्ण झाली की सगळं सोडवा, थरांमधला कीस झटका आणि कडेची कुसळं हलक्या हाताने काढा. एक-दोन फेरे पुरेत. जास्त फिरवलं तर पातळ पत्र्याच्या भोकाची कड खरवडून निघते.

सगळ्यात जोखमीचं भोक पंखाच्या मागच्या स्पारचं, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई जिथे विमानाच्या धडाला जोडतात तिथलं, कारण पंखाचा कोन तिथे कायमचा ठरतो. पुढच्या आणि मागच्या स्पारांमध्ये 700 मिमी अंतर धरलं, तर 1 मिमीच्या चुकीने कोन 0.08 अंशाने बदलतो. दोन पंखांचे कोन वेगळे झाले की विमान एका बाजूला कलतं आणि वैमानिकाला स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, सतत उलट धरून ठेवावी लागते. म्हणून आधी पंखांच्या पुढच्या कडेवरून ओळंबे सोडून ते एका दोरीत आहेत का पाहा. मग दोन्ही टोकांपासून शेपटीपर्यंतची अंतरं मोजून सारखी करा आणि डिजिटल पाणसळीने कोन जुळवा. पंख शिकंजांनी आवळल्यावर हे सगळं पुन्हा एकदा मोजा. इथला बोल्ट 5/16 इंची, म्हणून कडेचं अंतर दोन्ही भागांवर 5/8 इंच, जवळपास 16 मिमी, हवं. ड्रिलला सरळ धरणारा गाइड-ठोकळा लावून लहान बिटापासून टप्प्याटप्प्याने वाढवत जा आणि शेवटचं माप रीमरने, म्हणजे भोक अचूक आणि गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने, काढा. बोल्ट अंगठ्याच्या दाबाने आत गेला पाहिजे; हातोडी लागता कामा नये आणि बसल्यावर तो हलताही कामा नये.