उत्खननाचा हंगाम आणि पुरातत्त्वज्ञांचे वेतन: एका जुन्या व्यवस्थेची पार्श्वभूमी

सोलापूर हे कामगारांचे शहर. 1877 मधली जुनी गिरणी, तिच्यामागोमाग उभ्या राहिलेल्या इतर गिरण्या, नंतरचे यंत्रमाग आणि घरोघरच्या विड्या यांमुळे मजुरीचा दर, बोनस आणि भविष्य निर्वाह निधी हे शब्द इथे रोजच्या बोलण्यात आहेत. हजार विड्यांमागे किती पैसे मिळतात, हे विडी वळणाऱ्या बाईला तोंडपाठ असते. तिच्या कामापाठीशी 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा होता, तो 2025 मध्ये कामगार संहितेत विलीन झाला, आणि 1976 चा कल्याण निधीचा कायदा आहे, हे तिच्या संघटनेला ठाऊक असते. याच जिल्ह्यातून पुरातत्त्वशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना मात्र त्यांच्या कामाचा दर विचारला, तर नेमके उत्तर मिळत नाही. उत्खननावर देखरेख करणे, खापरांचे वर्गीकरण करणे, नकाशे काढणे ही कामे जोखमीची आणि शिक्षण मागणारी असूनही त्यांचा दर कुणी कधी ठरवलाच नाही, आणि याची मुळे पगाराच्या तक्त्यांपेक्षा पुरातत्त्व खात्याच्या घडणीत अधिक सापडतात.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची सुरुवात 1861 मध्ये झाली. लष्करात अभियंता असलेले अलेक्झांडर कनिंगहॅम हे त्याचे पहिले अधिकारी. अवघ्या पाच वर्षांत, 1866 मध्ये, हे काम थांबवण्यात आले आणि 1871 मध्ये कनिंगहॅम यांनाच महासंचालक नेमून ते पुन्हा सुरू झाले. तिजोरीला ओढ लागली की पहिली कात्री याच खात्याला लागते, हा अनुभव जन्मापासूनचा आहे. पश्चिम भारतात जेम्स बर्जेस आणि त्यांच्यानंतर हेन्री कझन्स यांनी काम केले. सोलापूरच्या शेजारच्या तेरचे, म्हणजे प्राचीन तगरचे, वर्णन कझन्स यांनी 1902-03 च्या वार्षिक अहवालात केले. त्या काळची रचना साधी होती. वर पगारदार अधिकारी, त्यांच्या हाताखाली मोजके आरेखक व छायाचित्रकार, आणि बाकीचे सगळे त्या त्या गावातले रोजंदारीवरचे मजूर. ज्ञानाचे काम करणारे एतद्देशीय अभ्यासकही बहुधा कुणाच्या तरी पदरी असत. 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या वाचनाशिवाय पश्चिम भारतातील लेण्यांमधले कितीतरी लेख मुकेच राहिले असते. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहायक म्हणून गेली.

लॉर्ड कर्झन यांच्या काळात खात्याला बळ मिळाले. 1902 मध्ये जॉन मार्शल महासंचालक झाले, 1904 मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. पण 1923 च्या इंचकेप समितीने सर्वच खात्यांच्या खर्चाला लगाम घातला, आणि उत्खननासाठी 1926 मध्ये निर्माण केलेली स्वतंत्र शाखा जागतिक मंदीच्या वर्षांत मोडीत निघाली. याच काळात, 1931 मध्ये, दयाराम साहनी हे पहिले भारतीय महासंचालक झाले. खुर्ची भारतीय माणसाला मिळाली ती खाते आक्रसत असताना. कामातला धोका किती खरा होता, याचा दाखला 1938 चा आहे. सिंधमध्ये सर्वेक्षण करणारे ननी गोपाल मजुमदार यांच्यावर दरोडेखोरांनी गोळ्या झाडल्या आणि ते तिथेच मृत्युमुखी पडले. मोहेंजोदडोविषयी लिहिणारे अनेक जण त्यांच्या शोधांचा आधार घेतात, पण त्यांचा मृत्यू कामावर असताना झाला, याचा उल्लेख क्वचितच करतात.

कामाचे स्वरूप खऱ्या अर्थाने बदलले ते 1944 मध्ये मॉर्टिमर व्हीलर महासंचालक म्हणून आल्यावर. त्यांनी तक्षशिला येथे प्रशिक्षण वर्ग भरवला आणि चौकोनी खड्डे, त्यांच्यामध्ये राखलेल्या मातीच्या भिंती, थरांची नोंद ही पद्धत रुळवली. या पद्धतीने उत्खननात एक नवा माणूस अपरिहार्य केला, तो म्हणजे खड्ड्यावर दिवसभर उभा राहणारा पर्यवेक्षक. मजूर कुदळ मारतो तेव्हा मातीचा रंग किंवा घट्टपणा बदलला हे याने ओळखायचे, काम थांबवायचे, थराला क्रमांक द्यायचा, निघालेली खापरे त्या क्रमांकाची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत टाकायची, खोली मोजायची आणि हे सगळे वहीत उतरवायचे. संध्याकाळी मजूर घरी गेले की तंबूत बसून त्याच नोंदी पुन्हा ताळ्यावर आणायच्या. धुऊन वाळत घातलेल्या खापरांपैकी एखादी चिठ्ठी वाऱ्याने उडाली, तर त्या पिशवीतली खापरे कोणत्या थरातली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. एवढ्या जबाबदारीचे हे काम, पण त्यासाठी स्वतंत्र पद निर्माण झाले नाही.

महाराष्ट्रात ही जागा विद्यार्थ्यांनी भरून काढली. 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवन झाले, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे रुजू झाले, आणि जोर्वे, नेवासे, पुढे 1968 पासून भीमेच्या खोऱ्यातले इनामगाव अशी उत्खनने होत गेली. या परंपरेचे ऋण मोठे आहे, आणि ते मान्य करूनच पुढचे म्हणावे लागते. गुरू-शिष्यांच्या त्या वातावरणात कॅम्पवर राहणे हा शिक्षणाचा भाग होता. प्रवासखर्च, जेवण आणि तंबूतली जागा मिळाली की पुरेसे मानले जाई. शिकाऊ उमेदवारीच्या एक-दोन हंगामांपुरते ते योग्यही होते. पुढे मात्र पदवी, कधी पीएच.डी. झालेल्या अभ्यासकाकडूनही त्याच अटींवर काम करून घेण्याचा रिवाज पडला. ‘अनुभव मिळतो’ हे वाक्य मानधनाच्या ऐवजी वापरले जाऊ लागले, आणि ते वापरणाऱ्यांनी स्वतःही तसेच दिवस काढलेले असल्याने त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी स्मारकांची बाजू भक्कम केली. 1958 चा केंद्रीय कायदा, 1959 चे नियम, 1960 चा महाराष्ट्राचा कायदा, 2010 ची दुरुस्ती, या सर्वांत वास्तू, परिसर, परवाने आणि दंड यांविषयी तपशील आहेत. उत्खनन करणाऱ्या माणसांच्या सेवाशर्ती हा या कायद्यांचा विषयच नव्हता. उत्खननाचा परवाना हंगामापुरता, निधीही हंगामापुरता. त्यामुळे नेमणूकही हंगामापुरतीच. पावसाळा सरला की हजेरीपट सुरू होतो आणि ऊन तापले की बंद होतो. वर्षाचे उरलेले महिने खापरांची मोजदाद, रेखाटने आणि अहवालाचे लेखन यांत जायला हवेत. या कामाला पैसे नसतात, आणि म्हणून अहवाल वर्षानुवर्षे रखडतात. या दिरंगाईचे खापर नेहमी उत्खननप्रमुखाच्या आळसावर फोडले जाते; हंगामानंतर त्याच्या हाताशी किती माणसे पगारावर उरतात, हे क्वचितच विचारले जाते.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. 1980 च्या दशकात रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला वैज्ञानिक व तांत्रिक संस्थेचा दर्जा देण्याची शिफारस केली आणि 1989 मध्ये तसा दर्जा मिळालाही. त्यातून अपेक्षित असलेली भरती-बढतीची लवचिकता मात्र प्रत्यक्षात फारशी उतरली नाही. 1993 च्या केंद्रीय योजनेने अनेक नैमित्तिक मजुरांना तात्पुरता दर्जा दिला. 2006 मध्ये उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका नियमित करण्यावर कडक मर्यादा घातली. त्यानंतर हंगामावर काम करत करत कायम होण्याची वाट जवळपास बंद झाली. 2016 च्या जगजितसिंग खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे न्यायालयाने म्हटले. त्याचा लाभ घ्यायचा तर समान काम करणारा नियमित कर्मचारी दाखवावा लागतो, आणि खड्ड्यावरच्या पर्यवेक्षकापाशी असे पद दाखवायला नाही.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळ्या दिशेने गेले. तिथे 1982 मध्ये क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञांची संस्था स्थापन झाली, 1990 च्या नियोजन मार्गदर्शिकेने बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा खर्च विकसकावर टाकला, आणि पुरातत्त्व हा खासगी कंपन्यांचा व्यवसाय बनला. पगार तिथेही कमीच राहिले, कारण कंपन्या निविदेत एकमेकींचे दर पाडू लागल्या. पण किमान वेतनाची शिफारस करणारी व्यावसायिक संस्था आणि वाटाघाटी करणारी कामगार संघटना होती. आपल्याकडे धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्यासारखे बचाव-उत्खनन सरकारने स्वतःच केले. उजनी धरणाच्या फुगवट्यात पळसदेवचे मंदिर गेले, दुष्काळात पाणी ओसरले की ते वर येते आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. धरण बांधणाऱ्याने अभ्यासासाठी पैसे द्यावेत असा दंडक मात्र झाला नाही. संरक्षित स्मारकांच्या परिघाबाहेर आज महामार्ग होतात तेव्हाही अशी सक्ती नाही, म्हणून पुरातत्त्वज्ञाला सरकारशिवाय दुसरे गिऱ्हाईक नाही. ब्रिटिश नमुना जसाच्या तसा आणला तर कंत्राटदारांची नवी साखळी उभी राहील, ही भीती रास्त आहे; तरीही विकसकाकडून खर्च वसूल केल्याशिवाय पदे वाढतील असे दिसत नाही.

सोलापूर जिल्ह्यात काम कमी आहे असे कुणी म्हणणार नाही. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथील शके 940 चा मराठी शिलालेख, बहुमुखी शिवलिंग, शहरातला भुईकोट किल्ला, पंढरपूर, आणि हाकेच्या अंतरावर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले तेरचे संग्रहालय, हा सगळा प्रदेश अभ्यासकाला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल. जिल्ह्यातील शिलालेखांच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचणारे आनंद कुंभार यांनी ते काम कोणत्याही पुरातत्त्व खात्याच्या पगारावर केले नाही. त्यांचा गौरव योग्यच आहे, पण पदरमोड करणाऱ्या अभ्यासकांवर जिल्ह्याचा इतिहास सोपवण्याची सवय त्या गौरवाआड लपते. विद्यापीठात पुरातत्त्व शिकलेले विद्यार्थी पुढे स्पर्धा परीक्षांकडे वळतात, नाहीतर तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतात. दिल्लीजवळच्या केंद्रीय पुरातत्त्व संस्थेतील पदविकेच्या जागा साऱ्या देशासाठी अवघ्या पंधरा आहेत.

मनुष्यबळाची तूट आता सरकारी कागदांतही नोंदली गेली आहे. महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालात तपासलेल्या 1,655 स्मारकांपैकी 92 जागेवर सापडली नाहीत. पुढे संसदीय स्थायी समितीसमोर आलेल्या माहितीनुसार 3,693 केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी केवळ 248 ठिकाणी मिळून 2,578 सुरक्षारक्षक होते. हे आकडे पहारेकऱ्यांचे आहेत; खड्ड्यावर आणि खापरांपाशी बसणाऱ्या हंगामी अभ्यासकांची गणती त्यांत नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देऊ केली आहे. उत्खननाचा हंगाम जेमतेम सहा महिन्यांचा असतो, आणि दुसऱ्या हंगामाचा परवाना नव्याने काढावा लागतो.