अमेरिकेच्या सीमाशुल्क व पेटंट अपील न्यायालयावर न्यायाधीश कसे नेमले जात?

या पदासाठी जाहिरात निघत नसे, परीक्षा नसे आणि अर्जाचा छापील नमुनाही नसे. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं आणि सिनेटने मंजूर करायचं, एवढाच मार्ग.

1909च्या टॅरिफ कायद्याने वॉशिंग्टनमध्ये हे न्यायालय स्थापन झालं, ते आयात शुल्काचे वाद ऐकण्यासाठी. 1929मध्ये पेटंटची अपिलंही त्याच्याकडे आली आणि नाव बदललं. न्यायाधीश पाचच. 1 ऑक्टोबर 1982 रोजी ते बंद झालं.

पात्रतेचा रकाना जवळजवळ कोराच. संघीय न्यायाधीशासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेत वय, पदवी, वकिलीची वर्षं यांपैकी एकही अट नाही. पेटंट जाणणारा माणूस हवा, असंही कुठे बंधन नव्हतं. त्यामुळे राजकारण्यांची इथे चांगली सोय लागली: प्रतिनिधीगृहातले विरोधी पक्षनेते फिनिस गॅरेट आणि माजी सिनेटर आयर्विन लेनरूट, दोघेही 1929मध्येच आले. 1952च्या पेटंट कायद्याच्या मसुद्यावर काम केलेले जाइल्स रिच मात्र 1956मध्ये आले. माझ्या मते या न्यायालयाचं पेटंटविश्वात वजन वाढलं ते अशा नेमणुकीमुळे.

कागदपत्रांचा भार पुढे वाढत गेला. 1953पासून अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना उमेदवारांची योग्यता तपासू लागली. एफबीआयची पार्श्वभूमी चौकशी होतीच, 1978च्या कायद्याने मालमत्ता आणि उत्पन्नाचं विवरणपत्रही आलं. मग सिनेटच्या न्यायिक समितीपुढे सुनावणी आणि सिनेटमध्ये साध्या बहुमताने मतदान. मंजुरी मिळाली तरी काम संपत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं नियुक्तिपत्र आणि शपथ झाल्यावरच खुर्ची मिळते. 1980मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या हेलन नीस या न्यायालयावरच्या शेवटच्या न्यायाधीश.

न्यायालय गुंडाळल्यावर न्यायाधीशांचं काय? त्यांना पुन्हा सिनेटपुढे जावं लागलं नाही. कायद्यानेच ते नव्या फेडरल सर्किट अपील न्यायालयात गेले. हॉवर्ड मार्की तिथले पहिले मुख्य न्यायाधीश झाले आणि रिच 1999मध्ये, वयाच्या 95व्या वर्षी निधन होईपर्यंत पदावर होते. थेट नव्या न्यायालयावर पहिली नेमणूक झाली पॉलिन न्यूमन यांची, 1984मध्ये.

आज तिथे 12 पदं आहेत. मार्ग तोच, पण एक अट लेखी आहे: सेवेत असेपर्यंत वॉशिंग्टनपासून 50 मैलांच्या आत राहायचं.