माळावर खड्डे खणण्याआधी एक कुसळ ओलं करून बघा

जून आला की सातारा जिल्ह्यातल्या आमच्या माण-खटावच्या माळांवर झाडांसाठी खड्डे पडायला लागतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्था पुनरुज्जीवनाचं ठरवलंय, त्यामुळं हल्ली कार्यकर्त्यांची ट्रेनिंगपण बरीच निघतात. ट्रेनिंगनं फरक पडतो हे कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ च्या वॉटर कपात, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावोगावच्या पाणलोट स्पर्धेत, दाखवलंच, तिथं लोक आधी शिकून आले आणि मग कुदळ उचलली. पण माळाचं ट्रेनिंग म्हटलं की पहिलं सेशन खड्डा किती बाय किती हेच, कारण माळ म्हणजे पडीक, झाडं लावा म्हणजे पाऊस येईल! अहो, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीकडं पाचशेच्या आसपास, ते सह्याद्री मध्ये उभा आहे म्हणून, झाडं कमी म्हणून नाही. एवढ्या पाण्यात आणि वीतभर मुरमाड मातीत टिकतं ते गवत, आणि लांडगा, खोकड, चंडोल ही मंडळी त्या गवतावरचीच.

माझं म्हणणं, ट्रेनिंगचा पहिला तास माळावरच्या कुसळी गवताच्या बीला द्या.

ही बी म्हणजे एक भन्नाट यंत्र आहे. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागं वळलेले बारीक ताठ केस, आणि वर लांब काळपट कुसळ, ज्याचा खालचा भाग सुंभासारखा पिळलेला आणि वरचा भाग वाकडा. पिळाच्या भागातल्या पेशी मेलेल्या असतात, पण त्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे तिरके गुंडाळलेले असतात. धागा लांबीला ताणला जात नाही, धाग्यांमधला मसाला मात्र पाणी पिऊन फुगतो, म्हणजे भिंत फुगणार ती धाग्याच्या आडव्या दिशेनंच, आणि धागे तिरके असल्यामुळं त्या फुगण्याचं रूपांतर वळण्यात होतं. सगळ्या पेशींचा तिरकेपणा एकाच बाजूचा, त्यामुळं अख्खं कुसळ फिरतं, ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. वरचं वाकडं टोक काडीत किंवा खड्यात अडकलं की कुसळ फिरू शकत नाही, मग फिरते ती बी, आणि मागं वळलेल्या केसांमुळं पुढं सरकलेली बी मागं येत नाही. रात्रीचं दव, दुपारचं ऊन, असं करत ती स्वतःला मातीत पेरते. शिवाय ताजी बी काही महिने झोपलेली असते, त्यामुळं अवकाळीला फसून उगवत नाही.

आता हीच बी शेणामातीच्या गोळ्यात थापून ड्रोननं टाकायची म्हणजे तिचं यंत्र बंद पाडायचं. बातमी झकास होते, गवताचं काही होत नाही.

अर्थात नुसती कुसळी वाढवून भागत नाही. कोवळी असते तोवर जनावर खातं, पिकली की ती मेंढीच्या तोंडात आणि लोकरीत घुसते. मेंढपाळाला पाहिजेत मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं, आणि ती जास्त चराईत आधी संपतात. कुठल्या ओघळीला मारवेलची ठोंबं अजून शिल्लक आहेत हे त्यालाच ठाऊक, पण शिकवायला त्याला कोण बोलावतंय? बी गोळा करायची दिवाळीच्या आसपास, शिबिरं होतात मे-जूनमध्ये. आणि खरी अडचण पुढंच आहे, नव्या गवताला पहिले दोन पावसाळे चराईबंदी लागते, तर कोकणात उतरलेले कळप माळावर परत येतात ते नेमके पावसाच्या तोंडावर. तेवढे महिने मेंढरं कुठं चारायची हे त्यांच्याबरोबर बसून आधी ठरवलं नाही, तर कुंपण घाला नाहीतर राखण्या ठेवा, गवत राहणार नाही.