शब्द कुठे तुटतो: कोडमधल्या नावांच्या 'केस'ची पार्श्वभूमी

सोलापूरच्या बाजारपेठेत फिरलं तर पाट्यांवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा वाचायला मिळतात. या चारही भाषांच्या लिप्यांत कॅपिटल आणि स्मॉल असा भेदच नाही. इथल्या मुलाला तो पहिल्यांदा भेटतो इंग्रजीच्या चार रेघी वहीत आणि दुसऱ्यांदा प्रोग्रॅमिंग शिकायला बसल्यावर. वहीत चुकलं तर लाल गोल मिळतो. जावा किंवा पायथॉनमध्ये चुकलं तर प्रोग्रॅम तिथंच अडतो, कारण एक अक्षर लहानाचं मोठं झालं की या भाषांच्या लेखी ते नावच वेगळं.

मी इथल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांना बिलिंगची सॉफ्टवेअर लिहून देतो. ग्राहकाचं नाव साठवायला कोडमध्ये एक नाव लागतं आणि त्या नावात मोकळी जागा सोडता येत नाही. जागा दिसली की शब्द संपला असं संगणक धरतो. मग 'ग्राहक_नाव' असं अंडरस्कोरनं जोडायचं, हा स्नेक केस. 'ग्राहक-नाव' असं आडव्या रेघेनं जोडलं तर कबाब केस. दोन्ही शब्द चिकटवून दुसऱ्याचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं की कॅमल केस, आणि पहिल्या शब्दाचंही केलं की पास्कल केस. पहिले दोन प्रकार मी इथं मराठीत लिहून दाखवले. पुढचे दोन दाखवताच येत नाहीत, कारण देवनागरीत मोठा 'ना' नसतो.

'केस' हा शब्द छापखान्यातला. शिशाचे खिळे ठेवायच्या खणांच्या लाकडी पेटीला केस म्हणत. इंग्रजी कंपोझिटर कॅपिटल खिळे वरच्या पेटीत आणि लहान अक्षरं खालच्या पेटीत ठेवायचा. त्यावरून अप्पर केस आणि लोअर केस ही नावं पडली. देवनागरीच्या जुळाऱ्याला ही विभागणी नव्हती, पण जोडाक्षरं आणि मात्रांमुळे त्याच्यापुढे खिळ्यांचे शेकड्यांनी खण असत.

सुरुवातीच्या संगणकांवर केसचा प्रश्नच नव्हता. १९५७ साली आलेली फोरट्रान भाषा सगळी कॅपिटलमध्ये लिहिली जाई आणि नाव फार तर सहा अक्षरांचं असे. आयबीएम ७०४ या संगणकाचा एक 'वर्ड', म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा, ३६ बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) आणि एक अक्षर ६ बिटांचं, म्हणजे एका वर्डात बरोबर सहा अक्षरं. सहा अक्षरांत दोन शब्द बसवताना स्वरच गाळावे लागत. पाठोपाठ आलेल्या कोबॉल भाषेनं तीस अक्षरांची मुभा दिली आणि शब्दांमध्ये आडवी रेघ घेतली. लिस्प भाषेतही तीच रेघ रुळली. पण फोरट्रानच्या वळणाच्या भाषांत ती वजाबाकीची खूण होती, त्यामुळे तिथं ती नावात घेता येईना.

पुढचा फाटा फुटला तो प्रत्येक अक्षराला आकडा नेमून देणाऱ्या तक्त्यामुळे. १९६३ च्या पहिल्या आस्की तक्त्यात लहान अक्षरं नव्हतीच. ती १९६७ च्या आवृत्तीत आली. मोठ्या 'ए'चा आकडा ६५, लहान 'ए'चा ९७. फरक ३२ चा, म्हणजे एका बिटाचा. नुसतं अक्षर लहानमोठं करणं यंत्राला तेव्हापासून इतकं स्वस्त आहे. त्याच तक्त्यात ९५ व्या जागी आधी डावीकडे वळलेला बाण होता, त्याच्या जागी १९६७ साली अंडरस्कोर आला. झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेतल्या आल्टो संगणकानं मात्र जुना बाणच ठेवला. तिथं घडलेल्या स्मॉलटॉक भाषेत तो बाण नावाला किंमत देण्यासाठी वापरला जाई, अंडरस्कोर हाताशी नव्हता, म्हणून शब्द जोडायला कॅपिटल अक्षर कामाला आलं. बेल लॅब्जमधल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या आणि सी भाषेच्या मंडळींकडे अंडरस्कोर होता, त्यांनी तो वापरला. आज ज्या दोन पद्धतींवरून प्रोग्रॅमर हिरिरीनं भांडतात त्यांच्या मुळाशी तक्त्यातली ही एक जागा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग १९९५ ची जावा कॅमलच्या बाजूनं गेली. पायथॉनच्या शैलीनियमांनी फंक्शनला स्नेक आणि क्लासला पास्कल असा तोडगा काढला. वेब आल्यावर सगळे एकाच घरात नांदू लागले: पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये आडवी रेघ, जावास्क्रिप्टमध्ये कॅमल, डेटाबेसमध्ये अंडरस्कोर. एकच नाव तीन दारांतून जाताना तीनदा कपडे बदलतं, म्हणून रूपांतर करणारी फंक्शनं लिहिली गेली.

माझी फजिती याच रूपांतरात झाली. निर्यात करणाऱ्या एका टॉवेल कारखान्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये रक्कम रुपयांत आणि डॉलरमध्ये, अशी दोन्हीकडे ठेवलेली होती. करासाठी रुपयांचा कॉलम होता जीएसटीआयएनआर, सगळी अक्षरं कॅपिटल. 'प्रत्येक कॅपिटलआधी अंडरस्कोर घाल' असा माझा नियम होता, त्यानं या नावाचे सुटे मणी केले: जी_एस_टी_आय_एन_आर. असा कॉलम नव्या डेटाबेसात नव्हताच, त्यामुळे अहवालात कराचा रकाना कोरा आला. मग मी रुबी ऑन रेल्स या वेब-चौकटीत असतो तसा दोन भागांचा नियम लावला: लहान अक्षरानंतर मोठं आलं की तोडायचं; सलग कॅपिटल एकत्र ठेवायची, पण त्यांतल्या शेवटच्या कॅपिटलनंतर लहान अक्षर आलं की त्या कॅपिटलआधी तोडायचं. जीएसटी रेटसारखी नावं त्यानं नीट सुटली. हे नाव मात्र एकसंध गठ्ठा होऊन बाहेर आलं, आणि माझ्या सहकाऱ्यानं ते जीएसटीआयएन, म्हणजे ग्राहकाचा १५ अक्षरांचा नोंदणी क्रमांक, असं वाचून भलत्याच रकान्याला जोडलं. जीएसटी अधिक आयएनआर (म्हणजे रुपये), की जीएसटीआयएन अधिक आर? अक्षरांत याचं उत्तर नाही. कारखान्याचा धंदा ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडेच ते आहे.

मराठी माणसाला ही अडचण नवी नाही. मोडीत आधी वरची रेघ आखून घेत आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जात. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. 'शेतातजाऊनकामकरा' हे वाचताना डोळा आधी 'जाऊ नका' असं तोडतो, 'मकरा'पाशी ठेचकाळतो आणि मागे फिरून 'जाऊन काम करा' असं जुळवतो. मोडी वाचणारा ओळीच्या अर्थावरून तोडतो. रूपांतराचं फंक्शन ठरलेल्या खुणांवरून तोडतं, आणि खूण पुसली गेली की त्याचं काम संपलं.

खूण पुसली जाण्याच्या जागाही पुष्कळ आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अवतरणचिन्हांशिवाय कॅमल केसचं नाव दिलं तर ते सगळं लहान अक्षरांत जातं, ओरॅकलमध्ये सगळं कॅपिटलमध्ये. दोन्हीकडे शब्दाची हद्द कायमची जाते. ब्राउझरमधल्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या प्रसिद्ध नावात एक्सएमएल पूर्ण कॅपिटल आहे, तर एचटीटीपीचा फक्त एच. ते स्नेकमध्ये नेता येतं, पण तिथून परत आणताना यातलं कोणतं पूर्ण कॅपिटल होतं हे यंत्र सांगू शकत नाही.

नावं मराठीत ठेवली तर? पायथॉन ३ मध्ये 'ग्राहक_नाव' हे व्हेरिएबल म्हणून थेट चालतं. गो या भाषेत चालत नाही: काना, मात्रा आणि पाय मोडायची खूण तिथं अक्षर धरली जात नाहीत, त्यामुळे नाव पहिल्याच 'ग्रा'पाशी अडतं. मात्रा नसलेलं 'कर' हे नाव गो घेते, पण पॅकेजबाहेर, म्हणजे कोडच्या दुसऱ्या गटांना, दिसायला पहिलं अक्षर कॅपिटल हवं, आणि 'क' कधीच कॅपिटल होत नाही. त्या कारखान्याच्या कोडमध्ये आता एक छोटी फाइल आहे: डावीकडे जुनं नाव, उजवीकडे आम्ही हातानं तोडलेलं. हिशेबनिसांना शेजारी बसवून ती भरली. जीएसटीआयएनआरपाशी ते लगेच म्हणाले, "अहो, हे रुपये आहेत."